भूमिगत नळांचे वय आणि हवामानाचे उद्दिष्ट

ज्या देशांत वर्षाचे कित्येक महिने घर तापविल्यावाचून राहणेच अशक्य, तेथे हवामानरक्षणाचा प्रश्न पुष्कळ अंशी घरातील उबेचा प्रश्न असतो. आणि घरोघरी शेगड्या पेटविण्याऐवजी एकाच केंद्रात पाणी तापवून ते भूमिगत नळांनी गावभर खेळविण्याची पद्धत डेन्मार्कइतकी मनःपूर्वक फार थोड्या देशांनी अंगीकारली आहे. कोपनहेगनने चोहोबाजूंनी वेढलेल्या फ्रेडरिक्सबर्ग नगरपालिकेने १९०३ साली कचरा जाळून निघालेली उष्णता इस्पितळास पुरविण्यास आरंभ केला. १९७३ च्या तेलसंकटाने परावलंबनाचा धोका उघड झाल्यावर १९७९ साली सरकारने उष्णतापुरवठ्याचा स्वतंत्र कायदा केला. आणि आज त्या देशातील सुमारे दोन-तृतीयांश घरांना या नळांतूनच ऊब मिळते.

या व्यवस्थेचा मोठा गुण असा की, केंद्रातील इंधन पालटले म्हणजे हजारो घरांचे इंधन एकदम पालटते. ओडेन्से शहरात तर संगणकांच्या एका विशाल माहितीकेंद्रातून वाया जाणारी उष्णताही उष्मापंपांच्या साह्याने नळांत सोडली जाते. परंतु उष्णता कितीही शुद्ध मार्गाने मिळविली, तरी डेन्मार्कमध्ये सरासरीने तिचा सुमारे पाचवा हिस्सा वाटेतच जमिनीत जिरतो, आणि नळ जीर्ण होतील तसतशी ही गळती वाढत जाते.

जुने नळ काँक्रीटच्या चरांत खनिज लोकर गुंडाळून ठेवीत. चरात पाणी शिरले की पोलाद बाहेरून गंजे. पुढे पोलादी नळ, त्याभोवती पॉलियुरेथेनचा फेस आणि त्यावर प्लास्टिकचे कवच अशी एकजीव रचना कारखान्यातच तयार होऊ लागली. फेसात तांब्याच्या दोन बारीक तारा असतात. एखाद्या सांध्यातून ओल शिरली की तारांमधील विद्युत्‌रोध घटतो आणि नियंत्रणकक्षात बसलेल्या तंत्रज्ञास दोषाची जागा अदमासाने कळते. मात्र सततच्या उष्णतेने आणि कवचातून सावकाश झिरपणाऱ्या प्राणवायूने फेस ठिसूळ होतो, त्याची पोलादावरील पकड सुटते, आणि हा ऱ्हास रस्त्यावरून कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

यावर, मुदत भरली की सरसकट सारे नळ उखडावे, ही तजवीज सोपी वाटली तरी शहाणपणाची नव्हे. कोरड्या मातीतला, मध्यम उष्णतेवर चाललेला नळ दीर्घकाळ टिकतो, तर नवा नळही वाईट सांध्यापायी लवकर निकामी होतो. शिवाय खोदकाम, नवे पोलाद आणि पुन्हा घातलेले डांबर यांतूनही कार्बन बाहेर पडतोच. न्यूयॉर्कमध्ये १८ जुलै २००७ रोजी १९२४ साली घातलेला वाफेचा नळ फुटून एकाचा मृत्यू झाला, तेव्हा प्रथम दोष त्याच्या वयाला दिला गेला. चौकशीत मात्र असे निष्पन्न झाले की दुरुस्तीत वापरलेल्या लुकणाने पाण्याचा निचरा करणाऱ्या झडपा तुंबल्या होत्या. म्हणून प्रत्येक तुकड्याचे साल, माती, सांधे आणि झालेल्या दुरुस्त्या यांचे दप्तर चोख ठेवणे, थंडीच्या रात्री आकाशातून उष्णताचित्रे घेणे, नमुने काढून फेसाची परीक्षा करणे, आणि मग जेथे अवस्था खरोखर वाईट तेथेच कुदळ मारणे, हाच मार्ग युक्त होय.

याहून दूरगामी उपाय पाण्याची उष्णता उतरविण्याचा. कोपनहेगनने जुनी वाफेची यंत्रणा मोडून तिच्या जागी गरम पाण्याची आणली, ती याच दिशेने. पाणी कमी तापविले म्हणजे गळती घटते, फेसाचे आयुष्य वाढते, आणि उष्मापंप थोड्या विजेत अधिक काम देतात. मात्र त्यासाठी घरांच्या भिंती-खिडक्यांतून ऊब निसटू न देण्याची तरतूद आधी करावी लागते. सबब घर, नळ आणि केंद्र यांचा जमाखर्च एकत्र मांडला पाहिजे. नव्या केंद्राच्या उद्घाटनास मंत्री येतात, नळांच्या तपासणीस कोणी येत नाही. पण हवामानाची उद्दिष्टे पार पाडावयाची असतील, तर अंदाजपत्रकात या तपासणीचा मान पहिला असला पाहिजे.