प्रकाशाची तार

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की नाशिकमध्ये ‘पाणी किती?’ याचे उत्तर मीटरमध्ये मिळत नाही. ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत’ असे मिळते. मूर्ती प्रवाहात उभी असते खरी, पण एवढ्या पुराला तिचा अडथळा तो काय होणार!

आता दुसरा एक प्रवाह डोळ्यांसमोर आणा. निर्वात नळीतून धावणारा, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा आणि हायड्रोजनच्या आयनांचा. कण-त्वरकातील हा झोत मध्यभागी किती दाट आणि कडेला किती विरळ आहे, हे सतत पाहावे लागते. तो पसरला तर कण भिंतीवर आदळतात आणि यंत्रच किरणोत्सारी होते. जुनी रीत अशी, की टंगस्टनची किंवा कार्बनची बारीक तार झोतातून आडवी सरकवायची आणि तिच्यात उमटणारा विद्युत्प्रवाह मोजायचा. परंतु झोत प्रबळ असला तर तारच जळते. जवळ अतिवाहक कप्पे असतील तर तिचा उडालेला कणही ते बिघडवू शकतो.

मग तार प्रकाशाचीच केली तर?

हायड्रोजनच्या ऋण आयनात एक प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन असतात. साध्या हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. आयनातील जादा, पाहुण्या इलेक्ट्रॉनला मात्र ०.७५ पुरते. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसरच्या एका फोटॉनजवळ १.१७ असते. म्हणजे पाहुणा सुटतो, घरचा जागीच राहतो!

सुटलेले इलेक्ट्रॉन अतिशय हलके. लहानशा चुंबकाने ते बाजूला वळवून मोजता येतात. जड आयन जवळजवळ सरळच जातात. लेसरची शलाका थोडी थोडी सरकवीत जा, प्रत्येक ठिकाणी सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा आलेख काढा, की झोताची आकृती हाती आली. झोताला मुळीच धक्का लागत नाही असे मात्र समजू नका बरे! इलेक्ट्रॉन गमावलेले अणू झोतातून गळतातच. पण ते इतके थोडे, की बाकीच्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेत ओक रिज येथील त्वरकात ही पद्धत वापरतात. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमध्ये उभारल्या जात असलेल्या ८०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ‘पिप-२’ त्वरकातही ती योजली आहे. या त्वरकाच्या कामात मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र सहभागी आहेत.

तुर्भ्याला भाभा केंद्राचा स्वतःचा २० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा त्वरकही आहे. पण त्यातून धावतात ते प्रोटॉन. त्यांच्याजवळ इलेक्ट्रॉनच नाही, मग लेसर काढणार काय? अशा झोतांसाठी दुसरी युक्ती आहे. नळी निर्वात म्हटली तरी तिच्यात थोडा वायू उरतोच. झोताच्या माऱ्याने त्याचे रेणू अंधूक चमकतात आणि ती चमक कॅमेऱ्याने टिपता येते.