नेकनूरचा बाजार आणि मुंबईचा नाका : संशोधनासाठीच्या प्राणिजन्य आयातीच्या नियमांचा मागोवा

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले नेकनूर मराठवाड्यात ओळखले जाते ते आठवडी बाजारासाठी, आणि त्यातही जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी. लाल कंधारी आणि देवणी ही या परिसरातील गोवंशाची वाणे, उस्मानाबादी ही शेळीची. आणि दरवर्षी ऊसतोडणीच्या हंगामात बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या साखर पट्ट्याकडे निघणाऱ्या टोळ्यांबरोबर बैलजोड्याही शेकडो किलोमीटरचा प्रवास करीत असल्याने, इथल्या एखाद्या दावणीला लागलेला रोग काही आठवड्यांत कृष्णाकाठच्या उसाच्या फडापर्यंत पोहोचू शकतो. संशोधनासाठी किंवा अध्यापनासाठी परदेशातून मागवल्या जाणाऱ्या प्राणिजन्य पदार्थांवरील, म्हणजे रक्तद्रव, ऊती, वीर्य, दूध, कातडी यांसारख्या जनावरांपासून मिळणाऱ्या वस्तूंवरील, नियम अमलात येतात ते मुंबईच्या बंदरात व विमानतळावर. परंतु त्या नियमांना जे वाचवायचे असते ते अशा बाजारांत असते. या नियमांची गेल्या सव्वाशे वर्षांतील वाटचाल पाहिली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : कायद्याची नजर आधी जनावरावर होती, मग जनावराच्या मालावर गेली, आणि त्या मालातून येणाऱ्या सूक्ष्म जिवावर ती स्थिरावली ती सर्वांत शेवटी.

या वाटचालीचा आरंभ एका प्रयोगशाळेच्या स्थलांतरात शोधावा लागतो. गुराढोरांत झपाट्याने पसरून कळपच्या कळप संपवणाऱ्या बुळकांडी या विषाणुजन्य रोगाने एकोणिसाव्या शतकात भारतात इतका हाहाकार केला होता, की सरकारने नेमलेल्या आयोगाने १८७१ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल दिला. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख झाले; परंतु पुण्यासारख्या वस्तीच्या ठिकाणी जिवंत रोगजंतूंवर काम करणे धोक्याचे असल्याने १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. प्रयोगशाळा हेच रोगाच्या फैलावाचे उगमस्थान ठरू शकते, ही जाणीव या निर्णयामागे होती. आयातीच्या कायद्यात मात्र ती उतरायला शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१८९८ चा पशुधन आयात अधिनियम, जो दुरुस्त्यांसह आजही लागू आहे, मुळात अगदी आटोपशीर होता. घोडे, गाई-बैल, उंट, मेंढ्या आणि सरकार जाहीर करील ती अन्य जनावरे, यांच्याबरोबर संसर्गजन्य रोग देशात येऊ नयेत म्हणून आयातीवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. आणि जनावराच्या संपर्कात आलेली वैरण, शेण, तबेल्यातील गवत, झूल व साज हेदेखील त्या अधिकाराच्या कक्षेत आणले. शेण आणि खोगीर आठवले, पण मांस, दूध किंवा रक्त यांचे नाव नव्हते, हे आज चमत्कारिक वाटते. परंतु शीतपेटीतून वीर्य किंवा ऊती समुद्रापार नेण्याची रीत त्या काळी रूढ नव्हती, आणि बंदरावर उतरणारा माल म्हणजे प्रामुख्याने लष्करासाठीचे घोडे होते. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, तर बीड त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. रोगाला मात्र ही सरहद्द कधी दिसली नाही, आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होण्याच्या फार आधीपासून दोन्हीकडची गुरे एकाच बुळकांडीने मरत होती.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे हत्यार होते बकरीच्या ऊतीतून तयार केलेली लस, जी मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांतून १९२० च्या दशकात आकाराला आली होती. भारतात या रोगाची शेवटची नोंद १९९५ मध्ये झाली, २००६ मध्ये देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा झाली. या घोषणेने एक अनपेक्षित प्रश्न पुढे आणला. रोग रानातून गेला होता, पण विषाणू अनेक देशांच्या शीतकपाटांत शिल्लक होता. म्हणून त्यावरील संशोधन आंतरराष्ट्रीय परवानगीशिवाय करू नये आणि साठे नष्ट करावेत किंवा मोजक्या मान्यताप्राप्त केंद्रांत ठेवावेत असे ठरले. इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक कुप्या नष्ट केल्या. अशी एक कुपी सीलबंद पाकिटात घालून पाठवली, तर मांसाच्या हजारो पेट्यांपेक्षा तिचा धोका मोठा असतो, आणि प्रमाणावर बेतलेले व्यापारी नियम इथेच अपुरे पडतात.

हे केवळ तर्कापुरते नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. ब्लू टंग, म्हणजे चिलटांसारख्या बारीक कीटकांमार्फत पसरणारा, मेंढ्यांच्या तोंडाला सूज आणून त्यांना हैराण करणारा विषाणुजन्य रोग, भारतात प्रथम नोंदला गेला तो १९६४ मध्ये, महाराष्ट्रातील शेळ्या-मेंढ्यांत. पुढे लोकर सुधारण्यासाठी परदेशी वाणांच्या मेंढ्या आणल्या गेल्या, तेव्हा त्या कळपांतही त्याचे उद्रेक झाले. नंतरच्या काळात विषाणूंचे जनुकीय क्रम, म्हणजे त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातील घटकांची मांडणी, तपासता येऊ लागल्यावर असे आढळले, की भारतात सापडलेल्या दहाव्या प्रकारच्या विषाणूचे अमेरिकेतील जिवंत लसीच्या वाणाशी अत्यंत जवळचे साम्य आहे. तो कसा आला हे सिद्ध झालेले नाही. जनावराबरोबर, वीर्याबरोबर की परवान्याविना आणलेल्या लसीतून, या तिन्ही शक्यता उरतात. शेळीत हा विषाणू बहुधा लक्षणे न दाखवता वावरतो, त्यामुळे उस्मानाबादी शेळ्यांच्या बाजारात तो कुणाच्या नजरेस पडणारही नाही.

अशा आयातींचे दरवाजे सर्वार्थाने उघडले ते २००१ मध्ये. जागतिक व्यापार संघटनेच्या बंधनांनुसार भारताने उरलेल्या ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणता येईल यावरील मर्यादा, एप्रिल २००१ पासून उठवल्या, आणि त्याच वर्षी १८९८ च्या कायद्यात दुरुस्ती करून पशुजन्य पदार्थांच्या आयातीचे नियमन करण्याचा वेगळा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. मांस व त्याचे पदार्थ, ऊती व अवयव, अंडी व अंड्यांची भुकटी, दूध व दुग्धपदार्थ, गाई-मेंढ्या-शेळ्यांचे भ्रूण, बीजांडे व वीर्य, पाळीव प्राण्यांचे खाद्य, अशी यादी त्यात आहे, आणि शेवटी सरकार नमूद करील तो अन्य प्राणिजन्य पदार्थ. संशोधकाचा नमुना त्या यादीतील एखाद्या नावात किंवा या शेवटच्या, सर्व काही सामावणाऱ्या कलमात बसवावा लागतो. कारण दुरुस्ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो व्यापारी, प्राध्यापक नव्हे. अशा पदार्थांच्या आयातीसाठी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे रोगजोखीम तपासून दिलेला आयात परवाना, लागतो, आणि माल ठरावीक बंदरांतून किंवा विमानतळांवरूनच येऊ शकतो. मराठवाड्यातील संस्थेच्या दृष्टीने तो दरवाजा मुंबईचा. २०१४ मध्ये या व्यवस्थेची अधिसूचना नव्याने काढण्यात आली, आणि २०१६ पासून सीमाशुल्क विभागाच्या एकखिडकी प्रणालीत पशु संगरोध सेवेची, म्हणजे बाहेरून आलेली जनावरे व पदार्थ तपासून विलग ठेवणाऱ्या यंत्रणेची, मंजुरी जोडली गेली.

दरम्यान फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, निदान भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेने केले, आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. त्यानंतर आयातीवर घातलेल्या निर्बंधांना अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत आव्हान दिले आणि २०१५ मध्ये अपील मंडळाने निर्णय भारताच्या विरोधात दिला. निर्बंधामागे शास्त्रीय जोखीम-मूल्यांकन नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप. निकालाचा रोख कोंबडीच्या मांसाकडे असला, तरी त्यातून निघणारा धडा संशोधन-नमुन्यांनाही लागू पडतो : ‘भीती वाटते’ एवढे कारण पुरत नाही, कोणता जंतू, कोणत्या पदार्थात, किती काळ जिवंत राहतो हे सांगावे लागते.

हा हिशेब किती बारीक असतो ते रक्तद्रवाच्या उदाहरणावरून कळते. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यासाठी गर्भस्थ वासराच्या रक्तातील द्रव, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारा पिवळसर भाग, पोषक म्हणून लागतो. लस तयार करणारी संस्था असो की पेशीविज्ञानाचा विभाग, त्याच्याशिवाय काम अडते, आणि त्याचा मोठा पुरवठा परदेशांतील कत्तलखान्यांतून होतो. गुरांच्या अतिसाराचा एक विषाणू अशा द्रवात वारंवार आढळलेला आहे, आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखल्या गेलेल्या ‘मॅड काऊ’ रोगाचे कारण असलेली विकृत प्रथिने साध्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेले रक्तद्रव ‘निर्जंतुक’ समजण्याची चूक प्रयोगशाळांतही होते. त्या प्रक्रियेचा हेतू रक्तातील एक प्रथिनसमूह निष्क्रिय करणे एवढाच असतो. म्हणून जनावरे कोणत्या देशातील, त्या देशात कोणते रोग आहेत, गॅमा किरणांची प्रक्रिया झाली आहे काय, आणि पाठवणाऱ्या देशाच्या शासकीय पशुवैद्याचा दाखला आहे काय, हे पाहावे लागते. याउलट फॉर्मलिनमध्ये मुरवून काचपट्टीवर रंगवलेली ऊती, जी पशुवैद्यक महाविद्यालयात शिकवण्यासाठी वापरतात, ती जवळजवळ निरुपद्रवी असते. दोहोंना एकाच रांगेत उभे करणारा नियम काटेकोर दिसतो, पण तो विचारपूर्वक केलेला म्हणता येणार नाही.

परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ चे आणि उदगीरचे १९८७ चे. नेकनूरच्या परिसरातील जनावरांचे डॉक्टर बहुतांशी याच वाटेने घडतात. रोगनिदानाचा संच अचूक आहे की नाही हे पडताळण्यासाठी परदेशातील संदर्भ-प्रयोगशाळेचा मानक रक्तद्रव मागवावा लागतो, तो कोरड्या बर्फात येतो, आणि कोरडा बर्फ कागदपत्रांसाठी थांबत नाही. नाक्यावर पाकीट अडले की त्यातील नमुना निरुपयोगी होण्याची भीती असते. जनुकीय बदल केलेल्या जिवांच्या आयातीची वाट वेगळी होती; त्यासाठी १९८९ च्या नियमांखाली केंद्रीय समितीची परवानगी लागत असे. २०२० मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने कमी जोखमीच्या गटांतील जिवांच्या आयात-निर्यातीचा निर्णय संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीकडे सोपवला आणि वरच्या जोखमीचे विषय केंद्रीय समितीकडे ठेवले. जोखमीनुसार दार वेगळे, ही वाटणी आतापर्यंतच्या बदलांतील सर्वांत समंजस म्हणावी लागेल.

या नियमांची खरी परीक्षा लम्पी चर्मरोगाने घेतली. भारतात २०१९ मध्ये ओडिशात प्रथम दिसलेला, अंगभर गाठी आणणारा हा रोग २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरला आणि राज्य सरकारने जनावरांचे बाजार व वाहतूक यांवर बंदी घातली. परदेशात या रोगावर नीथलिंग वाणाची जिवंत लस प्रचलित होती. भारतात मात्र तातडीचा उपाय म्हणून शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साहाय्याने २०१९ मध्ये रांची येथे मिळालेल्या देशी विषाणूपासून लम्पी-प्रोव्हॅकइंड ही लस तयार करून ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली. त्याआधी, भारतात १९८७ मध्ये प्रथम नोंदलेल्या पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीसदृश रोगावरही हिमाचलातील सुंग्री येथील देशी वाणाची लस करण्यात आली होती. परका जिवंत विषाणू देशात न आणता घरचाच वाण दुबळा करून लस करणे, हा मार्ग वेळखाऊ असला तरी ब्लू टंगचा दाखला पाहता तोच शहाणपणाचा. पण म्हणून परावलंबन संपले असे नाही, कारण लम्पीचा विषाणू दुबळा करण्यासाठी वापरलेल्या व्हेरो पेशी मुळात आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानात तयार झालेल्या आहेत, आणि अशा पेशींच्या पोषणासाठी सामान्यतः वासराचा रक्तद्रवच लागतो. लम्पी-प्रोव्हॅकइंडचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे देण्याचा करार नागपूर येथे झाला, त्यामुळे मराठवाड्यातील गुरांना लागणारी मात्रा राज्यातच तयार होण्याची वाट मोकळी झाली.