धार पडतेय का?

कंधारच्या भुईकोटाला पाण्याचा खंदक आहे, गावालगत राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे, बारूळला मन्याड नदी अडवलेली आहे. पाणी इथं जुनंच. यांत्रिक बोट मात्र लोकांच्या नजरेस पडते ती बहुधा पुरातच. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरलं, तेव्हा माणसं काढायला बचाव पथकं आली.

अशा पथकाच्या रबरी बोटीच्या मागे अडकवलेल्या इंजिनाला पथकातली माणसं ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. दोरी ओढली, इंजिन धरलं, की जाणत्याची नजर पंख्याकडे जात नाही. इंजिनाच्या मागून करंगळीएवढी पाण्याची धार पडतेय का, ते तो आधी बघतो. धार नसेल तर इंजिन लगेच बंद.

कारण साधं आहे. या इंजिनाला रेडिएटर नसतो. ज्या पाण्यावर बोट चालते, तेच पाणी खालच्या जाळीतून ओढून सिलिंडरभोवती फिरवायचं आणि गरम झालं की बाहेर सोडायचं. हे ओढण्याचं काम करतो तळहातात मावणारा रबरी इम्पेलर. वाकड्या पाकळ्यांचं ते फूलच, पण पाण्याशिवाय फिरलं तर थोड्याच वेळात जळून जातं. विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिथंही पंपाच्याच पाण्याची बारीक नळी इंजिनाला जोडलेली असायची आणि परत येणाऱ्या कोमट पाण्यात हात घालून इंजिनाची तब्येत कळायची.

मराठवाड्यातला पूर इम्पेलरचा वैरीच. काळ्या रानातून आलेला गाळ रबर खरवडतो; नांदेडला गोदावरीत माजणारी जलपर्णी जाळीला चिकटली तर अख्ख्या नदीत उभं राहून इंजिन तहानेनं मरायचं.

शर्यतीच्या बोटींचं दुखणं वेगळं. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली. अशा शर्यतीत वेगासाठी इंजिन जितकं वर बसवावं तितकं पाण्याचं घर्षण कमी होतं. पण मग नेहमीच्या जागची जाळी पाणी सोडून हवा ओढू लागते. म्हणून काही इंजिनांत पाणी घेण्याची भोकं पार खाली, इंजिनाच्या पायाच्या नाकापाशी नेतात. इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर, अशी दुसरी रचना १९५९ मध्ये व्होल्वो पेंटानं बाजारात आणली. तिच्यात दातचक्रांची वरची पेटी भरवेगात पाण्याबाहेरच राहते. ताकद वाढवली की आतलं तेल तापून पातळ होतं, दातांवर टिकत नाही, आणि चक्रं झिजतात. यावरचा तोडगा अगदी घरगुती वाटावा असा: बोटीच्या मागच्या फळीवर पाणी घेणारी नळी बसवायची आणि वेगाच्या जोरावर वर चढलेलं पाणी त्या पेटीवर शिंपडत राहायचं. पंप नाही, वीज नाही. याला शॉवरच म्हणतात.

बचाव पथकाला असला वेग नको असतो. त्यांना इंजिन पुन्हा सुरू व्हायला हवं. म्हणून पूर ओसरल्यावर बोट नुसती धुऊन चालत नाही. स्वच्छ पाण्याच्या टिपात इंजिनाचा पाय बुडवून ते चालवायचं. आधी गढूळ धार पडते. ती नितळ होईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.