पाऱ्याला न दिसणारी उष्णता

फुलबाजीची ठिणगी हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते, तरी हातावर पडली तर क्षणभर टोचते आणि विझते. फुलबाजी संपल्यावर उरलेली तार ठिणगीपेक्षा थंड. पण तिच्यावर पाय पडला की फोड येतो. ठिणगीचं तापमान जास्त असलं तरी वस्तुमान नगण्य, त्यामुळे तिच्यापाशी द्यायला उष्णताच फारशी नसते. तापमान थर्मामीटर दाखवतो. उष्णता मात्र हिशेबाने काढावी लागते.

हा हिशेब नीट मांडला स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी, 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला, ग्लासगो विद्यापीठात. काचेचे दोन सारखे चंबू, दोन्हींत सारखंच पाणी. एकातलं गोठवलेलं, दुसऱ्यातलं 33 अंश फॅरनहाइटचं. दोन्ही 47 अंशांच्या दालनात टांगून ठेवले. अर्ध्या तासात पाणी 7 अंशांनी चढून 40 वर आलं. बर्फ वितळून त्याचं पाणी 40 अंशांवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस अर्धे तास. दोन्ही चंबू दालनातून सारख्याच वेगाने उष्णता घेतात असं धरलं, तर बर्फाने 21 गुणिले 7, म्हणजे 147 अंशांइतकी उष्णता घेतली. पारा चढला फक्त 32 पासून 40 पर्यंत, आठच अंश. उरलेल्या 139 अंशांची उष्णता वितळण्यात खर्ची पडली. आजचा आकडा 143 ते 144 च्या दरम्यान आहे. भट्टी नाही, विस्तव नाही. थंड दालन, दोन चंबू आणि घड्याळ! विज्ञानाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका खोल प्रयोग मला क्वचितच दिसतो. तापमान न वाढवता अशी खर्ची पडणारी उष्णता शाळेत आपण ‘अप्रकट उष्मा’ म्हणून शिकतो.

स्वयंपाकघरात ती रोज भेटते. एक लिटर पाणी 30 अंश सेल्सिअसवरून उकळीला आणायला सुमारे 293 किलोज्यूल लागतात. ते सगळं आटवायला आणखी सुमारे 2,257. म्हणून उकळी आल्यावर आच मोठी ठेवून बटाटे लवकर शिजत नाहीत, फक्त पाणी आटतं आणि गॅस जातो. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो तोही यामुळेच: त्वचेवर पाणी होताना वाफ ही सारी उष्णता तिथेच सोडते.

उष्णता म्हणजे वजन नसलेला एक द्रव, असं तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानत. ती समजूत मोडण्यात मँचेस्टरजवळच्या सॉल्फर्डचे जेम्स ज्यूल यांचा मोठा वाटा आहे. घरचा धंदा बिअर गाळण्याचा. त्यांच्या प्रयोगात दोऱ्याला बांधलेली वजनं खाली येताना पाण्यातली पाती फिरवत. मग वजनं वर गुंडाळून पुन्हा सोडायची, अशी वीस वेळा. एवढं करून पाणी तापे जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट, आणि तेवढ्यावर किती कामाची किती उष्णता होते याचा नेमका आकडा काढायचा! ज्यूल यांचे थर्मामीटर अंशाच्या दोनशेव्या भागापर्यंत वाचता येत. आजच्या मापात त्यांचं उत्तर कॅलरीला सुमारे 4.15 ज्यूल असं येतं. आज आपण 4.18 धरतो.

त्या आकड्यामुळे विजेच्या मीटरवरचं युनिट आणि पाण्याची ऊब एकाच मापात मोजता येतात. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. अभ्यंगस्नानाचं पंधरा लिटर पाणी 20 अंश सेल्सिअसवरून 50 वर न्यायला साधारण 19 लाख ज्यूल हवेत. गिझरमधून वाया जाणारी उष्णता सोडली, तर एका बादलीला अर्ध्या युनिटहून किंचित जास्त वीज लागते.