कॅमेरा, अंकीय एकभिंगी परावर्ती

कॅमेरा, अंकीय एकभिंगी परावर्ती : दृश्य पाहण्यासाठी व चित्र घेण्यासाठी एकच भिंग वापरणारा आणि फिल्मऐवजी अर्धसंवाहक संवेदकावर प्रतिमा नोंदणारा कॅमेरा. व्यवहारात त्यास डीएसएलआर म्हणतात. भिंगातून आलेला प्रकाश ४५° कोनात बसविलेल्या आरशावरून वर परावर्तित होतो व पंचकोनी लोलकातून नेत्रिकेपर्यंत पोहोचतो; त्यामुळे भिंगासमोरील दृश्य छायाचित्रकारास सुलट दिसते. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, झडप उघडते, संवेदकावर प्रकाश पडतो आणि झडप मिटल्यावर आरसा पूर्वस्थितीला येतो. ही यांत्रिक रचना फिल्म कॅमेऱ्याकडून जवळजवळ जशीच्या तशी घेतलेली आहे. बदलला तो फक्त प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, परंतु त्या एका बदलामुळे कॅमेरा जुना होण्याचा अर्थच पालटला. फिल्मच्या काळात नवी, अधिक संवेदनशील फिल्म वीस वर्षांच्या जुन्या कॅमेऱ्यातही घालता येत असे. अंकीय कॅमेऱ्यात संवेदक कायमचा बसविलेला असल्याने त्याच्याबरोबर कॅमेऱ्याचेही वय ठरते.

या प्रकारचा विक्रीस आलेला पहिला कॅमेरा कोडॅक कंपनीने १९९१ मध्ये निकॉन एफ ३ या फिल्म कॅमेऱ्यावर आधारून तयार केला. त्यात सुमारे १३ लक्ष चित्रबिंदू होते व चित्रे साठविण्याची पेटी वेगळी खांद्याला अडकवावी लागे. निकॉन डी १ (१९९९) हा वृत्तछायाचित्रकारांच्या हाती मोठ्या प्रमाणावर गेला. ऑगस्ट २००३ मध्ये कॅनन कंपनीने ईओएस ३००डी जाहीर केला आणि त्याची अमेरिकेतील किंमत प्रथमच १,००० डॉलरच्या खाली आल्याने हौशी छायाचित्रकारांना हा प्रकार आवाक्यात वाटू लागला.

त्याच महिन्यात नासिक येथे सिंहस्थ कुंभमेळा भरलेला होता. हा मेळा सुमारे बारा वर्षांनी येतो. त्यानंतरचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला व तेव्हा नासिक येथील शाहीस्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर व १८ सप्टेंबर या दिवशी झाली. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत या कॅमेऱ्यांची एक पिढी पूर्ण बदलली होती. म्हणून जुन्या व नव्या कॅमेऱ्याची तुलना करण्यास नासिकचा परिसर सोयीचा आहे. पुढील विवेचनात जुना म्हणून ईओएस ३००डी व नवा म्हणून २०१२ चा ईओएस ५डी मार्क ३ हे एकाच कंपनीचे कॅमेरे घेतले आहेत. पहिला नवशिक्यांसाठी व दुसरा व्यावसायिकांसाठी होता. तेव्हा दोहोंतील सर्वच फरक काळाचा नसून काही किंमतीचाही आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

संवेदक व संवेदनशीलता : जुन्या कॅमेऱ्याचा संवेदक २२·७ × १५·१ मिमी. असून त्यावर सु. ६३ लक्ष चित्रबिंदू आहेत. नव्याचा संवेदक ३५ मिमी. फिल्मच्या चौकटीएवढा म्हणजे ३६ × २४ मिमी. असून त्यावर सु. २२३ लक्ष चित्रबिंदू आहेत. जाहिरातींत या आकड्यांनाच सर्वाधिक महत्त्व दिले जाते. ते तितके योग्य नाही. चित्रबिंदू साडेतीन पट झाले तरी चित्राची लांबी केवळ १·९ पट होते. दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणात जुन्या कॅमेऱ्याचे चित्र सु. २६ × १७ सेंमी. व नव्याचे सु. ४९ × ३३ सेंमी. आकारात छापता येते. वृत्तपत्रातील चित्रासाठी किंवा घरच्या संग्रहासाठी पहिला आकार पुरेसा आहे.

खरा फरक अंधुक प्रकाशात दिसतो. प्रकाशकण संवेदकावर यदृच्छया येऊन पडतात. त्यांच्या संख्येत येणारा चढउतार त्या संख्येच्या वर्गमूळाइतका असतो व तोच चित्रात रवाळपणाच्या रूपाने दिसतो. प्रकाश चौपट मिळाला, तर संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर दुप्पट सुधारते. नव्या संवेदकाचे क्षेत्रफळ जुन्याच्या अडीच पट असल्याने, उद्भासन तेच ठेवले तरी केवळ आकारामुळे हे गुणोत्तर सु. १·६ पट चांगले होते; संकेत वाचणाऱ्या मंडलांतील सुधारणेचा लाभ त्याहून वेगळा. जुन्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ १०० ते १,६०० पर्यंत बदलता येते, नव्याची नेहमीची मर्यादा २५,६०० आहे.

याचा अर्थ रामकुंडावर पहाटे कळतो. पावसाळी दिवसांत उजाडताना प्रकाश फार थोडा असतो. समजा, एफ/४ छिद्र व आयएसओ १,६०० असताना योग्य उद्भासनास १/१५ सेकंद लागतो. पाण्यात उतरणारा साधू आणि उडणारे तुषार एवढ्या वेळात स्थिर टिपले जाणे शक्य नाही. आयएसओ १२,८०० वर तेच उद्भासन १/१२५ सेकंदात मिळते व चेहरा ओळखू येतो. भिंगातील कंपनरोधक यंत्रणेने ही अडचण सुटत नाही, कारण ती छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन थोपविते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर तर चहूबाजूंनी ओवऱ्या असल्याने जागा अपुरी व प्रकाश आणखी कोंडलेला असतो. अशा प्रसंगी जुना कॅमेरा हाती असलेल्याने क्षणदीप वापरावा किंवा उजाडण्याची वाट पाहावी, एवढेच उरते. आणि स्नानाचा मुहूर्त त्याच्यासाठी थांबत नाही.

विषय स्थिर असेल, तर मात्र हे अंतर पुष्कळ कमी होते. नासिकच्या नैर्ऋत्येस असलेल्या पांडवलेण्यांचे उदाहरण घेता येईल. कॅमेरा पक्का बसविला (संरक्षित वास्तूत तिपाई वापरण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते), तर आयएसओ १०० ठेवून कित्येक सेकंदांचे उद्भासन देता येते व जुना कॅमेराही स्वच्छ चित्र देतो. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीतील गौतमी बलश्रीच्या लेखासारखे कोरीव अक्षर वाचनीय येण्यासाठी तर नव्या संवेदकापेक्षा एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर पडणारा प्रकाश अधिक उपयोगी ठरतो. अशा प्रकाशात अक्षरांच्या कडांची सावली पडते. नव्या कॅमेऱ्याचा येथील लाभ निराळा आहे. लेण्याचे उजळ द्वार व आतील काळोख एकाच चौकटीत येतात. जुना कॅमेरा कच्च्या नोंदीत प्रकाशाच्या ४,०९६ पायऱ्या (१२ बिट) ठेवतो, तर नवा १६,३८४ (१४ बिट). पायऱ्या चौपट झाल्या म्हणून आवाका चौपट होत नाही; परंतु गोंगाट कमी असल्याने सावलीतील तपशील नंतर उजळता येतो.

केंद्रीकरण व वेग : निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ असलेल्या नांदूर मधमेश्वर जलाशयास २०२० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील हे असे पहिले क्षेत्र होय. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्ष्यांची मोठी गर्दी असते. पक्षी उडतानाचे चित्र ही स्वयंचलित केंद्रीकरणाची कठीण परीक्षा आहे. जुन्या कॅमेऱ्यात केंद्रीकरणाचे ७ बिंदू आहेत, नव्यात ६१. जुना सेकंदास अडीच चित्रे घेतो व चार चित्रांनंतर थांबतो, म्हणजे थवा पाण्यावरून उठेपर्यंतच त्याची क्षमता संपते. नवा सेकंदास सहा चित्रे घेतो. शिवाय हलत्या वस्तूचा सतत पाठलाग करणारी पद्धत जुन्यात छायाचित्रकारास स्वतः निवडता येत नाही. ती खेळांसाठी दिलेल्या तयार पर्यायातच मिळते.

लहान संवेदकामुळे ३०० मिमी. केंद्रांतराचे भिंग ४८० मिमी. सारखे काम देते, म्हणून पक्षिचित्रणास जुना कॅमेरा बरा, असे काही जण म्हणतात. हा समज अर्धाच खरा आहे. भिंगाने पाडलेली पक्ष्याची प्रतिमा दोन्ही संवेदकांवर सारख्याच आकाराची असते. लहान संवेदक तिच्या भोवतीचा भाग कापतो इतकेच. जुन्यातील चित्रबिंदू सु. ७·४ व नव्यातील सु. ६·२५ मायक्रोमीटर रुंद असल्याने, त्याच भिंगाने त्याच पक्ष्यावर नव्या कॅमेऱ्यात सु. १·४ पट अधिक बिंदू पडतात. नंतर चित्र कापून घेतले, तरी नवाच सरस ठरतो.

नेत्रिका, भिंगे व निगा : जुन्या कॅमेऱ्यात काचेच्या लोलकाऐवजी आरशांची जुळणी आहे व नेत्रिकेत दृश्याचा सु. ९५ टक्के भाग दिसतो. चित्र लहान व काहीसे मंद दिसते. नव्यात पूर्ण दृश्य दिसते. मागील पडदा १·८ इंचांचा होता, तो ३·२ इंचांचा झाला. जुन्यात चलच्चित्रणाची सोय नाही. त्याचे वजन मात्र ५६० ग्रॅ. असून नव्याचे ८६० ग्रॅ. आहे. मेळ्यात दिवसभर गळ्यात कॅमेरा वागविणाऱ्यास हा फरक जाणवतो.

वापरलेला जुना कॅमेरा घेऊन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने भिंगांचा विचार आधी करावा. कॅननचे १९८७ पासूनचे ईएफ भिंग दोन्हींवर बसते. परंतु ३००डी बरोबर मिळणारे ईएफ-एस १८–५५ मिमी. भिंग केवळ लहान संवेदकासाठी असून नव्यावर बसत नाही. पैसा ईएफ भिंगावर घातला, तर कॅमेरा बदलला तरी तो वाया जात नाही. संवेदकावरील धूळ आपोआप झटकणारी यंत्रणा ३००डी मध्ये नाही. उन्हाळ्यातील धुळीत भिंग बदलल्यास निरभ्र आकाशाच्या चित्रांत काळे ठिपके येतात व संवेदक हाताने साफ करावा लागतो. पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते; ती काचेवरील विलेप खाते. म्हणून भिंगे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवतात.

२०२० नंतर कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आपला भर आरसारहित कॅमेऱ्यांवर दिला आहे. जुने ईएफ भिंग अनुकूलक जोडून कॅननच्या त्या कॅमेऱ्यांवरही वापरता येते.

नोंदींचे जतन : त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचा काही भाग फिल्मवर आजही पाहता येतो, फिल्म डोळ्यांना दिसते, तिला वाचक यंत्र लागत नाही. अंकीय चित्राचे तसे नाही. ३००डी आपली कच्ची नोंद सीआरडब्ल्यू या स्वरूपात करतो, ५डी मार्क ३ सीआर२ या स्वरूपात. त्या काळी अशा नोंदी लेखनक्षम सीडींवर उतरविण्याची पद्धत होती. त्यांचा रंजकद्रव्याचा थर उष्णता, प्रकाश व दमटपणा यांनी खराब होतो आणि सीडी वाचणारे यंत्र आता बहुतेक नव्या संगणकांत नसते. अशा सीडींवरील चित्रे किमान दोन वेगळ्या चकत्यांवर उतरवून घ्यावी लागतात व कच्च्या नोंदीबरोबर टिफ स्वरूपातील एक प्रत ठेवावी लागते. चित्राचा दिवस व वेळ कॅमेरा स्वतः नोंदवितो, परंतु ३००डी मध्ये स्थळ नोंदण्याची सोय नाही. घाट कोणता, आखाडा कोणता, हे चित्र घेणाऱ्यानेच लिहून ठेवलेले असले तर कळते.