डेंग्यूचा डास तलावात नाही, घरच्या कूलरमध्ये वाढतो!

भंडारा : तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांचा हा जिल्हा. पावसाळ्यात तापाची साथ आली की बोट तलावाकडे दाखवले जाते. पण डेंग्यूचा डास मोठ्या तलावात सहसा वाढत नाही. त्याला घराजवळ, भांड्यात साठलेले पाणी लागते.

कोणता डास कुठे?

● एडिस (डेंग्यू, चिकुनगुनिया) : कूलर, रांजण, सिमेंटची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, जुने टायर. दिवसा चावतो.
● ॲनोफिलिस (हिवताप) : बांध्या, बोडीचा गवताळ काठ, पावसाची डबकी. संध्याकाळनंतर चावतो.
● क्युलेक्स (हत्तीरोग) : तुंबलेली नाली, सेप्टिक टँक. रात्री चावतो.

कोरडा दिवस कशासाठी?

अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी केली की ही साखळी तुटते. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाण्याविना कित्येक महिने टिकतात. त्यामुळे कूलर, रांजण आतून घासणे आवश्यक. उन्हाळा संपला की कूलर घासून, वाळवून झाकून ठेवा.

पाणी साठवावेच लागत असेल तर?

टाकीला घट्ट झाकण लावा, रांजणाला कापड बांधा. रिकामे न करता येणारे हौद व वापरात नसलेल्या विहिरींसाठी गप्पी मासे उपयोगी. ते अळ्या खातात. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपला जाळी बांधा.

धूरफवारणी पुरेशी आहे का?

नाही. धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या वाचतात. शिवाय एडिस काहीशे मीटर उडू शकतो. एका घरातला टायर अख्ख्या गल्लीला भोवतो.

हत्तीरोगाची गोळी का चुकवू नये?

भंडारा हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी आहे. जंतू वर्षानुवर्षे शरीरात लपून राहतात. सुजलेला पाय नंतर पूर्ववत होणे कठीण. म्हणून मोहिमेतील मोफत गोळ्या निरोगी माणसानेही कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात. गर्भवती, २ वर्षांखालील मुले व गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत.

ताप आल्यास

रक्त तपासून घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठा. डेंग्यूत धोका बहुधा तेव्हाच वाढतो.