बाबूराव पेंटर : कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे

चित्रपट पाहून घरीं परतणारा रसिक बहुधा नटनटींविषयीं बोलतो. दिग्दर्शकाचें नांव त्याच्या ओठांवर क्वचितच येतें. परंतु प्रसंग कोठून दाखवावा, प्रकाश कोठें पडावा आणि काय अंधारांत ठेवावें, हें ठरविणारी दृष्टि दिग्दर्शकाचीच असते. ही दृष्टि कशी घडते, हें पाहावयाचें असेल तर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांकडे वळावें.

१८९० सालीं मिस्त्री घराण्यांत जन्मलेले बाबूराव चित्रकला व शिल्पकला स्वतःच शिकले. नात्यानें बंधु असलेल्या आनंदरावांसह त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. सपाट कापडावर दूरचा राजवाडा किंवा घनदाट अरण्य भासविणें, हेंच त्यांचें पहिलें शिक्षण होय. पुढें दोघांनीं कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्यें आनंदराव निवर्तले. तरी विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें बाबूरावांनीं तें यंत्र सिद्ध केलें.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्यें प्रकाशित झाला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्यें दादासाहेब फाळक्यांना स्त्रीभूमिका पुरुषांकडून करून घ्याव्या लागल्या होत्या, येथें त्या स्त्रियांनींच केल्या. कीचकवधाचा प्रसंग तर इतका खरा वाटला, कीं परीक्षकांनीं त्यास कात्री लावली.

बाबूराव दृश्यांचीं व वेषभूषेचीं रेखाटनें आधीं काढीत आणि मगच चित्रण करीत. ज्यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें पडदे रंगविण्यांत घालविलीं, त्यांनींच रंगविलेला पडदा दूर सारून खरी खोली असलेले देखावे उभारले, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्यें रात्रीच्या लढाईसाठीं त्यांनीं कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रकार रंगानें जें साधतो, तें ते छायाप्रकाशानें साधूं लागले.

या दृष्टीची खरी कसोटी १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्यें लागली. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटांत ना देव होते, ना राजे. कर्जापायीं जमीन गमावून शहरांत मजुरीसाठीं जाणारा शेतकरी हाच त्याचा नायक. ती भूमिका तरुण शांतारामांनीं केली. पुराणकथांस सरावलेल्या प्रेक्षकांनीं त्याला फारसा आश्रय दिला नाहीं. पुढें पाव शतकानें, १९५० मध्यें, स्पॅनिश दिग्दर्शक लुइस बुन्युएल यानें मेक्सिकोंतील दरिद्री मुलांचें निष्ठुर सत्य पडद्यावर मांडलें, तेव्हां जग चकित झालें. कोल्हापुरांत तशी वाट आधींच चोखाळली गेली होती.

‘सावकारी पाश’ १९३६ मध्यें पुन्हां बोलपट म्हणून निघाला. अंधुक प्रकाशांतील एकाकी झोंपडी आणि दूरवर कुत्र्याचें रडणें, हें त्यांतील दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया कधींच विसरले नाहींत. शेतकऱ्याच्या दैन्याचें वर्णन करावयास तेथें एकाही शब्दाची गरज पडली नाहीं.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहींत. परंतु त्यांचें शिक्षण वांया गेलें नाहीं. त्यांच्या कंपनींत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनीं १९२९ मध्यें सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ स्थापिली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. १९५४ मध्यें बाबूराव निवर्तले. गुरूचीं चित्रें हरपलीं, तरी त्यांची दृष्टि शिष्यांच्या चित्रांत उरली; आणि तेथेंच ती आज शोधावी लागते.